पाटीवरनं उठला गो

मंडळाची स्मरणिका निघते आहे. "मास्तर, आपल्या तीन नाटकांचा उगम कसा झाला त्यावर दोन पानं द्या. जरा हलकंफुलकं," असं मंडळाचा नवा सेक्रेटरी फोनवर म्हणाला. उगम! नदी आहे का ती? गटाराला उगम नसतो बाबांनो, त्याला नुसता उतार लागतो, आणि तो उतार मी काढून दिला. 

'बाप बसला पाटावर', 'बाप उतरेना' आणि 'बाप चढला घोड्यावर'. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ही नाटकं ज्यांनी पाहिली, ते अजून मला रस्त्यात अडवून त्यातले संवाद ऐकवतात. परवा खर्डी स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने मला ओळखलं आणि बायकी आवाज काढून, कंबर हलवून त्या नाटकातलं गाणं म्हणून दाखवलं. चार उतारू टाळ्या पिटत उभे. मी हसलो. हेच तर माझं दुखणं आहे, की मी अजून हसतो. घरी येऊन गुळण्या केल्या तरी तोंडाची चव गेली नाही.

तर ऐका. हलकंफुलकं नाही, पण जे झालं ते असं झालं.

माझी आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवले गातात, म्हणजे लग्नाची गाणी. हळद दळण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत एकेका विधीला एकेक धवला, आणि ते सगळे जिच्या तोंडी असतात ती धवलारीण. भटजी नसला तरी चालायचं, धवलारणीवाचून मांडवातलं पान हलत नसे. आत्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण धसईच्या आसपासच्या वाड्यांमधल्या घराघरांतली नावं, कुणाचा आजा कोण, कुणाची कुळी कुठली, हे सगळं तिला पाठ. धवल्यात ती नावं गुंफायची असतात ना.

धवल्याचे दोन नियम तिने मला लहानपणीच सांगितले होते. एक, धवला सुरू केला की अर्धा सोडायचा नाही, मग मांडवाला आग लागो. दुसरा, नवरदेवाच्या नावाचा धवला जन्मात एकदाच गायचा. "दुसऱ्यांदा गायला म्हंजे दुसरं लगीन मागितलं," असं ती म्हणायची.

आठवी ते दहावी मी तिच्या घरी राहिलो. माझ्या गावात हायस्कूल नव्हतं, धसईला होतं. तिच्या दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे भाकरीवरचा तुपाचा सगळा गोळा माझ्याच वाट्याला यायचा. मी ओटीवर अभ्यासाला बसलो की ती चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता मुद्दाम मोठ्याने म्हणायची,

"पाटीवरनं उठला गो, पाटावर बसला..."

माझ्यासाठी तिने स्वतः जुळवलेली ओळ होती ती. शिकणाऱ्या पोराचा धवला. मी विचारायचो, "आत्ये, पुढं काय?" की ती हसायची. "पुढलं तुज्या लग्नात. आता गायले तर फुकट जाईल रे. तू बस पाटावर, मग बघ म्हातारी कशी गाते ती." सगळं रचून ठेवलंय म्हणायची. आमच्या खानदानात मास्तर होणारा पहिलाच पोर, तर त्याचा धवला कुणासारखा नसायला पाहिजे, असा तिचा हट्ट. मला तेव्हा लाज वाटायची आणि आवडायचंही.

पुढे मी मास्तर झालो. तानशाच्या बाजूला एका शाळेत लागलो आणि शहापुरात खोली घेतली. संध्याकाळी करायचं काय? तर नाट्यमंडळात जाऊ लागलो. मंडळ म्हणजे काय, एक कापडाचा दुकानदार दिग्दर्शक, त्याच्या दुकानामागच्या खोलीत तालीम, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. मुंबईत झालेली जुनी नाटकं आम्ही करायचो आणि आमचेच नातेवाईक ती बघायचे. "आपल्या मातीतलं काहीतरी लिहा हो मास्तर," असं दिग्दर्शक मला सारखं टोचायचा. माझं नाव झालं नव्हतं, आणि मला ते व्हायला हवं होतं. उगाच कशाला खोटं बोलू.

अशात एका रविवारी मी धसईला गेलो तर आत्या ओटीवर नुसती बसलेली. चहा केला नाही, काही नाही. शेवटी म्हणाली, "पोरा, माज्या तोंडून बापाचं नाव गेलं रे."

झालं असं होतं. शेजारच्या वाडीत हळद होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच घरात, त्याच जागच्या मेढीपाशी, म्हणजे मांडवाच्या खांबापाशी, आत्याने त्या घरधन्याचा धवला गायला होता. आता त्याचा पोरगा पाटावर. नाक, कपाळ, बसायची ढब, सगळं बापाचं. आत्याने डोळे मिटून धवला धरला आणि नवरदेवाच्या जागी बापाचं नाव घातलं. एकदा नाही, दोनदा. नवऱ्याची आई समोर हळदीचं ताट घेऊन उभी. मांडवात हसू फुटलं तेव्हा हिने डोळे उघडले. म्हणजे नियमाप्रमाणे बापाचा धवला दुसऱ्यांदा गायला गेला, त्याचं दुसरं लग्न मागितलं गेलं.

पण माणसं चांगली. नवऱ्याची आजी उठली आणि म्हणाली, "अगो, पोर बापाचा तोंडवळा घेऊन आलाय, तिचा काय दोस?" मेढीपाशी एक नारळ फोडला, आत्याला परत पहिल्यापासून गायला लावलं, जेवायला वाढलं, साडीचोळी दिली. मांडवाने ती चूक पोटात घातली. बाहेर कुणी बोललं नाही. आत्याच्या मनातून मात्र ती जाईना. मला म्हणाली, "तू मास्तर हायस. आता लग्न असलं की आदल्या दिवशी माज्याकडनं नावं घोकून घेत जा. पोरांचा पाढा घेतोस तसा."

मी हो म्हणालो. एकदाही नावं घोकून घेतली नाहीत. मी शहापूरची एस.टी. पकडली, आणि मुरबाड येईपर्यंत पहिला अंक डोक्यात तयार होता.

शी! आज लिहितानाही किळस येते. तिच्या ओटीवर बसून, तिचं ऐकून घेऊन, तिच्याच हातचं जेवून निघालेला मी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात, मी तर वासे काढून आणून त्यांचं स्टेज बांधलं. नाटकात काय होतं? धवलारीण चुकून बापाचं नाव गाते, आणि गावातले लोक म्हणतात आता बापाचं दुसरं लग्न लावलंच पाहिजे. नवरी कुणाची, बापाची का लेकाची, यावर दोन तास धिंगाणा. वहीत जिथे जिथे लोक हसतील असं वाटलं तिथे मी कंसात 'हशा' लिहिलं. लाल शाईने. पोरांच्या वह्या तपासायची तीच शाई.

धवलारणीचं काम एका एस.टी. कंडक्टरने केलं. तो दोन-तीन लग्नांना जाऊन, आत्याच्या समोर बसून, तिची नक्कल उचलून आला. डोळे मिटायची ढब, कानावर हात, मान हलवणं, 'नाय गो', 'व्हय गो', सगळं. आणि वर स्वतःचं घातलं, म्हणजे छातीत कापडाचे बोळे आणि प्रत्येक ओळीला कंबरेचा झटका. तालमीत तो असा वळला की दिग्दर्शक हसून हसून पानाची पिंक स्वतःच्या सदऱ्यावर उडवून घ्यायचा. मीही मांडीवर थापा मारायचो. "झकास, झकास! अजून जरा!" हे अजून जरा कोण म्हणत होतं? मीच.

पहिला प्रयोग जत्रेत झाला. लोक असे हसले की पुढच्या रांगेतली पोरं खाली लोळली. धवलारणीने "पाटावर बसला कोन गो?" विचारलं की सगळं मैदान एका आवाजात ओरडायचं, "बाऽऽप!" दुसऱ्या दिवशी बाजारात हेच. कोणी कुणाला हाक मारली तरी "कोन गो?" आणि "बाऽऽप!" एका स्थानिक पेपरात आलं, अस्सल मातीतला विनोद. ते कात्रण मी पाकिटात ठेवून फिरत होतो.

आत्या नाटक बघायला आली होती. बायकांच्या बाजूला, पदर तोंडाशी धरून बसली होती. मला वाटलं शिव्या घालेल, दोन थोबाडीत मारेल. मारल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रयोगानंतर मला म्हणाली, "लुगडं नीट नेसवलं नाय त्याला. धवलारीण काय असं फेंगडं नेसते?" एवढंच. मी कंडक्टरला जाऊन ते सांगितलं आणि आम्ही परत हसलो.

दुसऱ्या नाटकाला मला विषय शोधायलाही लागला नाही, लोकांनीच मागितलं. आणि त्या दोन-तीन वर्षांत इकडे काय झालं ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणून सुटका करून घ्यायची नाही. आत्या मांडवात कानावर हात ठेवायची आणि नवरदेवाच्या नावाशी आली की मागून पोरं ओरडायची, "बाऽऽप!" सगळा मांडव खदखदून हसायचा. ती थांबायची नाही, अर्धा सोडायचा नसतो ना. घाम पुसत शेवटपर्यंत गायची. मग एकेक घर कमी होत गेलं. कोण आपल्या पोराच्या हळदीत हसं करून घेईल? भटजी आला, त्याच्यासोबत माइक आला, बेंजो आला. एका लग्नसराईत आत्याला एकही बोलावणं आलं नाही. भर वैशाखात ती घरी बसून तांदूळ निवडत होती, आणि मी गेलो तर म्हणाली, "यंदा लग्नं कमी हायत वाटतं."

त्याच वर्षी माझं जमलं. मुलगी बदलापूरची, सासरे बँकेत. साखरपुड्यात सासरे म्हणाले, "ते गाण्याबिण्याचं काही ठेवू नका, साधं वैदिक करू." माझे वडील माझ्याकडे बघायला लागले. बहीण त्यांची. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे. उगाच हसं होतं."

हसं होतं! कुणी केलं होतं ते हसं? जीभ झडली नाही माझी.

आत्याला सांगायची हिंमत नव्हती. वडिलांना पाठवलं. ते परत आले. काय म्हणाली विचारलं तर इतकंच सांगितलं, "बरं म्हणाली."

आणि आता तिसरं नाटक. ह्यावर कळस असा की दिग्दर्शकाच्या डोक्यात कल्पना आली, यावेळी खरी धवलारीण स्टेजवर आणायची. "पब्लिक वेडं होईल मास्तर! शेवटचा प्रवेश, कंडक्टर बाजूला आणि ओरिजनल आत येते. गाते, चुकते, पडदा." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, विचारून बघतो.

आत्या लगेच तयार झाली. मला आश्चर्य वाटलं, आणि खोटं कशाला, सुटल्यासारखंही वाटलं. म्हटलं, चला, म्हणजे हिला राग नाही. ती तालमीला आली, दुकानामागच्या त्या खोलीत पायातल्या वहाणा दाराशी काढून बसली. तिथे कोणी वहाणा काढत नसे. मला म्हणाली, "कुठं चुकू ते तेवढं सांग." मी वही उघडली आणि बोट ठेवून दाखवलं, इथे. त्या जागी कंसात मी लिहिलं होतं, 'प्रचंड हशा'. तिला वाचता येत नव्हतं. तिने त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "बरं."

प्रयोग शहापुरात, हॉलमध्ये, दुपारचा. माझं लग्न महिन्यावर आलेलं. सासरे, सासूबाई आणि होणारी बायको पहिल्या रांगेत. दिग्दर्शकाने त्यांना गुलाबाची फुलं दिली होती. मी विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी, कारण पडदा नेमका हशावर पाडायचा होता आणि ते टायमिंग माझ्याशिवाय कुणाला जमत नसे.

शेवटचा प्रवेश आला. कंडक्टरने कंबर हलवत "आता ओरिजनल येतेय हो!" अशी आरोळी दिली आणि आत्या आत आली. हिरवं लुगडं, नीट नेसलेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ती पाटासमोर बसली. पाटावर नवरा झालेला नट मुंडावळ्या बांधून बसला होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली आणि विंगेत माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, कानावर हात ठेवला.

"पाटीवरनं उठला गो, पाटावर बसला..."

 ही ओळ वहीत नव्हती. हा नाटकातला धवला नव्हताच. तिने माझ्या आज्याचं नाव घेतलं. माझ्या बापाचं नाव घेतलं, बापाच्याच जागी. मग माझं नाव घेतलं, नवरदेवाच्या जागी, अगदी बरोबर. हॉलमध्ये हजार शिट्ट्या आणि "बाऽऽप! बाऽऽप!" चाललं होतं, आणि ती माझं लग्न लावत होती. मांडवात बोलावणं नव्हतं म्हणून तिने जिथे जागा मिळाली तिथे लावलं.

आणि मी काय केलं? मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझं नाव ऐकलं होतं. ते सासूबाईंकडे वाकून काहीतरी विचारत होते, कपाळाला आठी. मला त्या आठीची लाज वाटली. आत्याची नाही वाटली, त्या आठीची वाटली. मी दोरी सोडली.

पडदा पडला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट, लोकांना वाटलं हेच नाटकाचं टोक. दिग्दर्शकाने लगेच बेंजोची कॅसेट मोठ्या आवाजात लावली, नट सगळे नमस्काराला रांगेत येऊ लागले, कंडक्टर छातीतले बोळे काढून फेकत होता. आणि त्या गोंधळात आत्या पाटासमोर तशीच बसलेली, डोळे मिटून, कानावर हात. तिचे ओठ हलत होते. अर्धा सोडायचा नसतो. मी चार हातांवर उभा होतो, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. कॅसेट बंद कर म्हणून मी ओरडलोही नाही. तिचं संपलं तेव्हा तिने पदरातून चिमूटभर अक्षता काढल्या, रिकाम्या झालेल्या पाटावर टाकल्या आणि उठली.

लोक म्हणतात तिसरं नाटक सगळ्यात गाजलं. गाजलं असेल. मी त्यानंतर एक ओळ लिहिलेली नाही, आणि त्यात काही मोठा त्याग नाही. वही उघडली की लाल शाईतला 'हशा' दिसतो, एवढंच.

लग्न साधं वैदिक झालं. आत्या आली होती, बायकांत बसली, जेवली, बायकोच्या हातावर चोळखण ठेवून गेली. पुढे कितीतरी वर्षांनी, ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी धसईला गेलो. तिचे पाय चेपत बसलो होतो. हिंमत करून विचारलं, "आत्ये, पाटीवरनं उठला, पाटावर बसला... पुढं काय गो?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तिला खरंच कळेना मी असं काय विचारतोय.

"गायला की रे मी," ती म्हणाली. "तू व्हतास ना तिथं?"